‘काका, जग पुढे गेलंय’: एका प्रतिक्रियेला जरा लांबलेलं उत्तर

‘जुना वाचक’ यांस,

‘मशीन लर्निंग: आधी कागद, मग कॉम्प्युटर’ या माझ्या लेखाखाली (उदाहरणांवरून मशीन कसं शिकतं त्याचं गणित आधी हाताने करा, असं त्यात म्हटलं होतं) तुम्ही टाकलेली प्रतिक्रिया रात्री साडेअकराला वाचली आणि नंतर बराच वेळ झोप लागली नाही. प्रतिक्रियेच्या चौकटीत उत्तर मावेना, म्हणून वेगळी नोंद करतोय. ज्यांनी वाचली नसेल त्यांच्यासाठी तुमचे शब्द इथे देतो:

“काका, जग पुढे गेलंय. हे सगळं वीस वर्षं जुनं आहे. आता हाताने गणित कोण करतं, मॉडेल तयार मिळतात. फास्ट डॉट एआयवाले [हा एक ऑनलाइन कोर्स] आधी गाडी चालवायला देतात, बॉनेट नंतर उघडतात. मराठी माध्यमाची मुलं आधीच घाबरलेली असतात, त्यांना तुम्ही अजून घाबरवताय. ‘चढ’, ‘उतार’ असले शब्द वापरून काय साधतं? आणि आयरिसमध्ये १२० फुलं नसतात, आधी स्वतः डेटा बघा.”

शेवटचं आधी घेतो, कारण तिथे तुमचं बरोबर आहे. आयरिस म्हणजे फुलांच्या मापांचा प्रसिद्ध डेटा, त्यात १५० फुलं आहेत, तीन जातींची प्रत्येकी ५०. संख्याशास्त्रज्ञ फिशरने १९३६ साली वापरलेला हा डेटा. मशीनच्या शिकवणीसाठी ८० टक्के बाजूला काढले की १२० उरतात, तोच आकडा माझ्या डोक्यात राहिला आणि लेखात उतरला. चूक माझी, दुरुस्त केली आहे, आभार. ‘आधी स्वतः डेटा बघा’ हे मात्र त्याला जोडायची गरज नव्हती. तो डेटा मी इतक्यांदा आलेखावर मांडलाय की सेटोसा ही जात कशी एका कोपऱ्यात वेगळी बसते आणि उरलेल्या दोघी कशा एकमेकींत घुसतात, हे झोपेतही काढून दाखवीन. एक आकडा चुकला म्हणून माणसाने डेटाच पाहिला नाही, असं ठरवणं म्हणजे एका नमुन्यावरून मॉडेल बांधणं झालं. त्याला ओव्हरफिटिंग म्हणतात. असो.

आता ‘काका’. मी ४६ वर्षांचा आहे. सोसायटीतली मुलं मला काका म्हणतात, त्याचं काही वाटत नाही. पण ती मुलं ‘काका, बॉल द्या ना’ म्हणताना आवाजात जे असतं ते तुमच्या वाक्यात नव्हतं. तुम्ही तो शब्द नात्यासाठी नाही, माणसाला मोडीत काढण्यासाठी वापरलात. स्वतःचं नाव न लावता ‘जुना वाचक’ म्हणून यायचं आणि समोरच्याला जुनं ठरवायचं, ही गंमत तुमच्याही लक्षात आली असेल.

आणि जुनंच म्हणायचं तर नीट म्हणा. वीस वर्षं कसली? लेखात मी जी रेषा बसवायला सांगितली ती लघुत्तम वर्गांची रीत (चुकांच्या वर्गांची बेरीज कमीत कमी ठेवायची) फ्रेंच गणिती लजाँद्रने १८०५ साली छापली. म्हणजे दोनशे वर्षांहून जुनी. आज ज्याच्या नावाने सगळे नाचतायत त्या न्यूरल नेटवर्कला शिकवणारं बॅकप्रोपगेशन (शेवटची चूक मागच्या थरांपर्यंत वाटत नेणं) गाजलं ते १९८६च्या रुमेलहार्ट, हिंटन आणि विल्यम्स यांच्या लेखामुळे. चॅटबॉट शिकवतानाही अजून तेच चालतं. चूक मोजा, उतार कुठे आहे ते पाहा, त्या दिशेने थोडं सरका, पुन्हा मोजा. जुनं आहेच. चुलीला पर्याय आले म्हणून आग जुनी होत नाही.

माझा खरा मुद्दा ‘मॉडेल तयार मिळतात’ या तीन शब्दांशी आहे. मिळतात ना. मी कुठे नाही म्हटलं? पायथन भाषेच्या सायकिट-लर्न लायब्ररीत तीन ओळींत रेषा बसते, गूगलच्या कोलॅबवर जीपीयूही (वेगवान गणिताची चिप) फुकट मिळतो. पण आयत्या पिठावर रेघोट्या ओढणाऱ्याला पीठ खराब निघालं तर काय करायचं, हे कोण सांगणार?

लेखातलं उदाहरण तुम्ही वाचलंच नसावं असा मला संशय आहे, म्हणून इथे पुन्हा मांडतो. तीन जोड्या घ्या: १ ला २, २ ला ४, ३ ला ६. शोधायचा आहे एकच आकडा, कशाने गुणलं की उत्तर येतं. आपल्याला दिसतंय की तो २ आहे, मशीनला दिसत नाही. ते शून्यापासून सुरू करतं. चुकांच्या वर्गांची सरासरी काढली की तिचा उतार (तो आकडा जरा वाढवला तर ती सरासरी कोणत्या वेगाने बदलते) येतो उणे १८.६७. लर्निंग रेट, म्हणजे उताराच्या किती पट पाऊल टाकायचं तो आकडा, ०.१ ठेवला तर पहिल्या पावलात आपण १.८७ वर पोचतो, दुसऱ्यात १.९९ वर. झालं. आता तोच रेट ०.३ करा. पहिलं पाऊल थेट ५.६ वर. दुसरं उणे ४.४८ वर. तिसरं त्याच्याही पलीकडे, उलट्या बाजूला. दरीच्या तळाशी जायचं सोडून गडी दोन्ही कड्यांवर उड्या मारत वर वर चाललाय. हे कागदावर दहा मिनिटांचं काम आहे, कॅल्क्युलेटर चालतो.

मी दर रविवारी सात-आठ मुलांना शिकवतो, फुकट, आमच्याच हॉलमध्ये. त्यातल्या एकाने तुमच्या पद्धतीने, म्हणजे थेट तयार कोडवर, सुरुवात केली होती. त्याच्या स्क्रीनवर लॉसच्या (चुकीच्या मापाच्या) जागी ‘नॅन’, म्हणजे ‘हा आकडाच नाही’, यायला लागलं. चॅटबॉटला विचारून त्याने चार दिवस लेअर (मॉडेलचे थर) वाढवले, कमी केले, लायब्ररी पुन्हा टाकली. रविवारी मी त्याला वरचं ०.३ चं गणित करायला लावलं. तिसऱ्या पावलाला त्याने पेन खाली ठेवलं आणि म्हणाला, “सर, माझा रेट फार मोठाय.” (तो ‘सर’ म्हणतो. सहज आठवलं.)

दुसरी एक मुलगी. तिने हस्तलिखित देवनागरी अक्षरांचा तयार डेटा घेतला, ९२,००० चित्रं, ४६ प्रकार. मॉडेल छान शिकलं. मग घरी स्वतःच्या अक्षरात ‘ळ’ लिहून दिला तर दर वेळी दुसरंच काहीतरी अक्षर, तेही छातीठोकपणे. तो डेटा नेपाळमधला. त्यात ३६ व्यंजनं आहेत, क पासून ह पर्यंत आणि वर क्ष, त्र, ज्ञ, शिवाय दहा अंक. ‘ळ’ नाहीच. मॉडेलला ४६ पैकी एक उत्तर द्यावंच लागतं, ‘मला माहीत नाही’ असं सत्तेचाळिसावं खोकं त्याच्याकडे नसतं. शेवटच्या थरात सगळ्या शक्यतांची बेरीज १ होते, हे जिने एकदा हाताने केलंय तिला हे चटकन कळतं. तयार मिळालं म्हणून तुमच्यासाठी तयार केलेलं असतं असं नाही.

माझ्याबद्दलही दोन शब्द, कारण ‘उंटावरून शेळ्या हाकतात’ असा सूर तुमच्या प्रतिक्रियेत होता. मी डिप्लोमावाला आहे. सातपूरला एका कारखान्यात कॉम्प्युटर विभागात होतो. २०११च्या ऑक्टोबरात अँड्र्यू एंग यांचा मशीन लर्निंगचा स्टॅनफर्डचा फुकट ऑनलाइन कोर्स सुरू झाला तेव्हा डोंगलवर व्हिडिओ उतरवून घेत रात्री पाहिले. पायथन नव्हतं, ऑक्टेव्ह ही गणिताची भाषा होती. माझं इंग्रजी कच्चं, मॅट्रिक्सचा गुणाकार विसरलेलो. बायको झोपल्यावर मोरीतला दिवा लावून वहीत पहिली असाइनमेंट सोडवली. शहराच्या लोकसंख्येवरून खाद्यगाडीचा नफा काढायचा होता. ती वही अजून आहे. तेव्हा मला कोणी ‘घाबरू नका, गणित सोडा’ म्हणालं असतं तर बरं वाटलं असतं, आणि मी तिथेच राहिलो असतो.

पुढची गोष्ट सांगू की नको, कारण ती माझ्या विरुद्ध वापरता येईल. सांगतो. २०१८ साली मी लासलगावच्या कांद्याच्या भावाचं मॉडेल केलं. ॲगमार्कनेट या बाजारभावांच्या सरकारी वेबसाइटवर रोजचा किमान, कमाल आणि सर्वसाधारण भाव मिळतो. सर्वसाधारण भाव ओळखायचा असं ठरवलं, बाकीचे रकाने दिले. चूक क्विंटलमागे शंभर रुपयांच्या आत! मी हवेत. निफाडचे माझे मामा कांदाच लावतात. त्यांना लॅपटॉप उघडून दाखवलं. त्यांनी चष्मा लावला, रकाने वाचले आणि विचारलं, “त्या दिवसाचा कमाल भाव मला आदल्या दिवशी कोण सांगणारे?”

मी उत्तर म्हणून ज्याची किंमत काढत होतो, तिच्याच दोन्ही बाजूंच्या भिंती मशीनला आधी दाखवून ठेवल्या होत्या. डेटा लीकेज. मग फक्त कालपर्यंतचे आकडे दिले. तेव्हा ‘उद्याचा भाव आजच्याइतकाच’ एवढं म्हणणारा माणूसही माझ्या मॉडेलपेक्षा कमी चुकत होता.

आता तुम्ही म्हणाल, ही चूक गणिताने नाही, मामांनी पकडली. म्हणा. मामांना बाजार माहीत होता आणि मला माहीत नव्हता, हे मला मान्यच आहे. पण मामांचा प्रश्न ऐकल्यावर ती चूक कोडमध्ये कुठे शोधायची, हे मला वहीमुळे कळलं. निदान मला तसं वाटतं.

फास्ट डॉट एआयचं. जेरेमी हॉवर्ड यांचा कोर्स मीही पाहिलाय आणि मला तो आवडतो. पण तुम्ही पहिला धडा पाहून थांबलात काय? तो कोर्स ज्यांना वर्षभर कोडिंगचा अनुभव आहे अशांसाठी आहे, हे ते स्वतःच सांगतात. माझा लेख ज्याने आयुष्यात ‘फॉर लूप’ लिहिलेला नाही त्याच्यासाठी होता. आणि त्यांच्याच पुस्तकात चौथ्या प्रकरणात ३ आणि ७ हे अंक ओळखायला शिकवताना उतार, पाऊल, पुन्हा उतार, सगळं मुळापासून करून घेतलंय. बॉनेट उघडतातच. मी जरा लवकर उघडा म्हणालो, एवढाच गुन्हा.

‘चढ-उतार’ या शब्दांवर वेळ घालवत नाही. दहावीच्या भूमितीत ‘रेषेचा चढ’ आहे, पुस्तक काढून बघा. तुम्हाला ग्रेडियंट म्हणायचं असेल तर म्हणा.

घाबरवण्याचा मुद्दा राहिला. मी कोणाला घाबरवत नाही. मुलं घाबरतात ती शिकवणाऱ्यांमुळे, आणि मी कसा शिकवतो हे तुम्ही पाहिलेलं नाही. रविवारी सकाळी दहाला या, चहा मिळेल. (हो, सुरुवातीला अकरा मुलं होती. तिघं सोडून गेली. कारणं वेगवेगळी होती.)

तुमची प्रतिक्रिया मी उडवलेली नाही, उडवणारही नाही. त्याखाली कुणी तरी ‘सहमत’ लिहून सात अंगठे दिलेत, तेही राहू देत. पुढच्या नोंदीत टायटॅनिकच्या प्रवाशांचा डेटा घेणार आहे. शिकवणीच्या फाइलमध्ये ८९१ ओळी आहेत. लिहिण्याआधी मोजल्यात.