विंडोज २००० मधले '६३ हजार बग': आकडा खरा, निष्कर्ष चुकीचा

नवी ऑपरेटिंग सिस्टीम येऊ घातली की एक मजकूर हमखास फिरू लागतो. त्याचा गोषवारा असा: "विंडोज २००० बाजारात आली तेव्हा तिच्यात ६३ हजार बग होते आणि कंपनीला ते माहीत होतं. पहिली आवृत्ती कधीच तयार नसते. लाखो लोकांनी वापरून बग संपेपर्यंत, निदान पहिला सर्व्हिस पॅक (दुरुस्त्यांचा एकत्रित संच) येईपर्यंत थांबा. मग बिनधास्त टाका." सल्ला काळजीपोटीच दिलेला असतो. पण त्यावर विसंबून लोक चुकीच्या ठिकाणी घाबरतात आणि खरा धोका असतो तिथे निर्धास्त राहतात.

पहिला दावा: ६३ हजार बग होते.

हा आकडा कुणी मनाने रचलेला नाही. फेब्रुवारी २००० मध्ये, १७ तारखेच्या अनावरणाच्या तोंडावर, मायक्रोसॉफ्टमधला एक अंतर्गत मेमो बाहेर आला. लिहिणारे मार्क लुकोव्स्की हे विंडोजच्या विकासातले वरिष्ठ अभियंते. पुढच्या आवृत्तीचं काम सुरू करण्याआधी जुना कोड स्वच्छ करा, असं ते आपल्या टीमला बजावत होते. त्यांचे शब्द होते 'संभाव्य ज्ञात दोष'. मजकूर पुढे ढकलला जाताना त्यातला 'संभाव्य' गळून पडला.

या ६३ हजारांच्या ढिगात बरंच काही एकत्र होतं. 'प्रीफिक्स' नावाच्या साधनाने काढलेले इशारे होते, 'पुढे ढकललेले' म्हणून नोंदवलेले दोष होते, आणि प्रोग्रामरांनी कोडमध्येच 'बगबग' असं लिहून ठेवलेल्या टिपाही होत्या. प्रीफिक्स प्रोग्राम चालवत नाही, कोड वाचतो. समजा एका फंक्शनने (प्रोग्रामच्या एका छोट्या भागाने) मेमरी मागितली आणि ती मिळाली की नाही हे न तपासता वापरली. मशीनची मेमरी पूर्ण संपली असेल तरच इथे प्रोग्राम कोसळेल. साधन मात्र त्या फंक्शनमधून जाणाऱ्या अनेक वाटा धरून चालतं आणि अशी जागा सापडली की इशारा देतं. मेमरी कमी पडली की काय करायचं ते आधीच्या फंक्शनने पाहिलेलं असेल, तर तो इशारा पोकळ ठरतो. नसेल, तर दोष खरा असतो. माणसाने एकेक ओळ तपासेपर्यंत दोन्ही एकाच यादीत राहतात. 'बगबग' टिपांमध्ये तर 'हे अजून वेगवान करता येईल' अशा नोंदीही असायच्या.

विंडोज २००० चा कोड सुमारे २ कोटी ९० लाख ओळींचा होता. एवढ्या कोडवर असं साधन फिरवल्यावर हजारोंनी इशारे निघाले नसते, तर आम्ही आधी साधनावरच शंका घेतली असती.

दुसरा दावा: माहीत असलेले बग दुरुस्त न करता सिस्टीम बाहेर काढणं हा निष्काळजीपणा.

बाहेरून पाहणाऱ्याला हे पटतं, पण रिलीजच्या तोंडावर प्रत्येक दुरुस्ती हीसुद्धा एक जोखीम असते. बदललेल्या दहा ओळींनी अकराव्या ओळीत काही मोडलं का, हे पाहायला पूर्ण सिस्टीम पुन्हा बांधावी लागते, पुन्हा चाचण्या घ्याव्या लागतात आणि तिला पुन्हा अनेक दिवस सलग ताण द्यावा लागतो. म्हणून रिलीज कँडिडेटच्या, म्हणजे जवळपास अंतिम आवृत्तीच्या टप्प्यावर रोज बैठक बसते आणि प्रत्येक दोषाला तीन प्रश्न विचारले जातात: डेटा जातो का, मशीन सुरूच होत नाही असं होतं का, बाहेरचा माणूस आत शिरू शकतो का. तिन्हींचं उत्तर 'नाही' असेल तर दोष पुढच्या खेपेला जातो.

डेबियन या लिनक्सवर आधारलेल्या मुक्त ऑपरेटिंग सिस्टीममध्ये हीच पद्धत उघड्यावर चालते. तिथे दोषांच्या पायऱ्या ठरलेल्या आहेत आणि वरच्या तीन पायऱ्यांचे दोष रिलीज अडवतात. सर्वांत वरची पायरी कसली? एखादं पॅकेज सिस्टीमवरचं असंबंधित सॉफ्टवेअर मोडतं, मोठ्या प्रमाणात डेटा घालवतं, किंवा नुसतं बसवल्यानेच सुरक्षेला भगदाड पाडतं. खालच्या पायऱ्यांचे हजारो दोष उघडे असतानाच डेबियन १२ ही १० जून २०२३ रोजी आली आणि डेबियन १३ ही ९ ऑगस्ट २०२५ रोजी.

तिसरा दावा: लाखो लोकांनी चाचणी केली की काळजी नको.

इथे २०१८ चं उदाहरण नीट समजून घ्यायला हवं. विंडोज १० ची १८०९ ही आवृत्ती २ ऑक्टोबर २०१८ रोजी आली. त्याआधी मायक्रोसॉफ्टच्या इनसायडर या पूर्वचाचणी कार्यक्रमातले असंख्य लोक ती वापरत होते. तरीही काहींच्या डॉक्युमेंट्स आणि पिक्चर्स फोल्डरमधल्या फायली पुसल्या गेल्या आणि ६ ऑक्टोबरला वितरण थांबवावं लागलं.

झालं असं. सी ड्राइव्ह भरत आली की अनेक जण डॉक्युमेंट्स फोल्डरची जागा बदलून डी ड्राइव्हवर नेतात. तेव्हा विंडोज विचारते, 'जुन्या फायलीही हलवू का?' काहींनी 'नाही' म्हटलं होतं. म्हणजे नव्या फायली डीवर आणि जुन्या सीवरच. आधीच्या आवृत्तीत असे जुने फोल्डर दुसऱ्यांदा दिसतात अशी तक्रार होती, म्हणून १८०९ मध्ये ते काढून टाकणारा कोड आला. फोल्डर रिकामा असेल हे त्यात गृहीत धरलेलं होतं. तो भरलेला निघाला आणि फायलींसकट गेला.

मायक्रोसॉफ्टने सांगितलं, अशा तक्रारी एकूण इन्स्टॉलच्या ०.०१ टक्का. प्रकाशनाआधीही काही इनसायडरांनी हे कळवलं होतं, पण त्या नोंदींना इतर वापरकर्त्यांची मतं कमी पडली आणि त्या ढिगात खाली राहिल्या. तक्रार किती जणांची आहे हे मोजलं गेलं, नुकसान किती गंभीर आहे हे पाहिलं गेलं नाही. त्यानंतरच तक्रार नोंदवताना गंभीरता सांगायची सोय आली आणि दुरुस्त आवृत्ती १३ नोव्हेंबरला निघाली. ज्याचे दहा वर्षांचे फोटो गेले, त्याच्यासाठी ०.०१ टक्क्याला काय अर्थ आहे?

चौथा दावा: पहिला सर्व्हिस पॅक आला की बिनधास्त.

हा सर्वांत घातक. विंडोज २००० चा पहिला सर्व्हिस पॅक २००० सालच्या मध्यावर आला, दुसरा मे २००१ मध्ये. आणि १९ जुलै २००१ रोजी कोड रेड या वर्मने (नेटवर्कवरून आपोआप पसरणाऱ्या घातक प्रोग्रामने) १४ तासांहून कमी वेळात साडेतीन लाखांवर मशीन पकडली. सर्व्हर आवृत्ती बसवताना आयआयएस हा वेब सर्व्हर आपोआप बसायचा. त्याच्याबरोबर इंडेक्सिंगसाठीचा (फायलींची शोधसूची बनवण्यासाठीचा) एक घटक यायचा आणि इंडेक्सिंग बंद असलं तरी तो विनंत्या स्वीकारायचा. वर्म त्याच्याकडे एन या अक्षराची लांबलचक माळ असलेला पत्ता पाठवायचा. माळ मेमरीतल्या राखीव जागेबाहेर सांडली की वर्मचा कोड थेट सिस्टीमच्या अधिकाराने चालू लागायचा. ही चूक बुजवणारा पॅच, म्हणजे छोटी दुरुस्ती, १८ जून २००१ रोजी उपलब्ध झाला होता. दोन्ही सर्व्हिस पॅक टाकून तो पॅच न टाकलेले सर्व्हर तितकेच उघडे होते. आपल्या मशीनवर वेब सर्व्हर चालू आहे हे कित्येकांना माहीतच नव्हतं.

विंडोज २००० च्या तयारीवर आक्षेप घ्यायचाच तर तो इथे घ्यावा: नको असलेली सेवा मुळात चालू ठेवणं. विंडोज सर्व्हर २००३ मध्ये आयआयएस आपोआप बसवणं बंद झालं.

मग नवी सिस्टीम घ्यावी की नाही हे ठरवायचं कसं? कोऱ्या मशीनवर बसवून काही कळत नाही. १८०९ चा दोष कोऱ्या मशीनवर दिसलाच नसता. ऑफिसातलं सर्वांत जुनं, फोल्डर हलवलेलं, तीन प्रिंटर जोडलेलं मशीन निवडा. आधी वेगळ्या डिस्कवर बॅकअप घ्या आणि ती डिस्क काढून ठेवा. प्रत्येक फोल्डरमधल्या फायलींची संख्या लिहून ठेवा, अपग्रेडनंतर पुन्हा मोजा. मग नेटस्टॅट ही विंडोजमधली आज्ञा चालवून कुठले पोर्ट (नेटवर्कवरून आत येण्याची दारं) उघडे आहेत ते पाहा आणि ज्याचं कारण सांगता येत नाही ते बंद करा. विंडोज १० आणि ११ मध्ये मागे जायला साधारणपणे १० दिवस मिळतात. पण त्याने सिस्टीम परत येते. पुसलेल्या फायली त्याच्या भरवशावर ठेवू नका.

मराठीत काम चालत असेल तर आणखी एक तपासणी हवी, ती परदेशातल्या कुठल्याही यादीत सापडणार नाही. विंडोज २००० ही देवनागरी युनिकोड (प्रत्येक अक्षराला ठरावीक क्रमांक देणारी जागतिक पद्धत) मुळातून हाताळणारी पहिली विंडोज. मंगल फॉन्ट तिच्यातच आला, पण रीजनल ऑप्शन्समध्ये इंडिकवर खूण करून सीडी घातल्याशिवाय काही चालू होत नसे. 'ॲ' ला स्वतंत्र संकेतांक मिळाला तो २००८ साली, युनिकोड ५.१ मध्ये. म्हणून नव्या मशीनवर 'ऱ्हास', 'दऱ्या' आणि 'ॲड.' हे तीन शब्द टाइप करा, तुमच्या रोजच्या प्रिंटरवर छापा, पीडीएफ करून त्यात शोधा. 'ऱ' तुटला किंवा 'ॲ' च्या जागी चौकोन आला, तर ते मशीन अजून टेबलावर ठेवू नका.