चाल काढली की काय उरतं?

२०२४ मध्ये गुलजारांना ज्ञानपीठ जाहीर झालं, तेव्हापासून नाशिकचा माझा मामेभाऊ आणि मी फोनवर एकाच मुद्द्यावरून भांडतो आहोत. त्याचं म्हणणं, गाणं ते गाणं आणि कविता ती कविता. "चाल काढून टाक, मग सांग काय उरतं ते." २०१६ मध्ये अमेरिकन गायक-गीतकार बॉब डिलनला साहित्याचं नोबेल मिळालं तेव्हाही तो हेच म्हणाला होता.

मी टोरांटोजवळ राहतो. इथल्या पहिल्याच हिवाळ्यात ४०१ हायवेवर ट्रॅफिकमध्ये अडकलो असताना ऑफिसमधल्या एकाने मला 'द ट्रॅजिकली हिप' ऐकवलं. किंग्स्टनचा बँड, गायक गॉर्ड डाउनी, शब्दही त्याचेच. गाणं होतं 'फिफ्टी मिशन कॅप', १९९२चं. गिटारच्या गदारोळात शब्द मला धड कळेनात. मग त्याने आवाज कमी केला आणि गोष्ट सांगितली. बिल बारिल्कोने १९५१ मध्ये गोल मारून टोरांटोच्या संघाला बर्फावरच्या हॉकीचा स्टॅनले कप जिंकून दिला. त्याच उन्हाळ्यात तो मासेमारीला गेला आणि विमानासकट बेपत्ता झाला. त्यानंतर टोरांटोला कप मिळाला तो थेट १९६२ मध्ये, आणि त्याच वर्षी बारिल्कोचे अवशेष सापडले. डाउनी हे सगळं मोजक्या ओळींत सांगतो आणि वर कबूल करतो की ही माहिती मी हॉकी खेळाडूची माहिती छापलेल्या एका कार्डावरून चोरली. ते कार्ड टोपीत जपून ठेवणारा माणूस मला दिसतो. चाल नसली तरी दिसतो.

त्याच अल्बममधलं 'व्हीट किंग्ज' डेव्हिड मिलगार्डवर आहे. न केलेल्या खुनापायी त्याने २३ वर्षं तुरुंगात काढली. गाण्यात त्याचं नाव कुठेच येत नाही. येतात ते भिंतीवरचे, आईबापांच्या काळातल्या पंतप्रधानांचे फोटो. कविता याहून वेगळं काय करते?

इथेही कौतुकाचा खरा पूर आला तो डाउनीला मेंदूचा कॅन्सर झाल्याचं कळल्यावर. २० ऑगस्ट २०१६ चा किंग्स्टनचा कार्यक्रम एक कोटीहून जास्त लोकांनी पाहिला. पुढच्या वर्षी डाउनीला 'ऑर्डर ऑफ कॅनडा' हा नागरी सन्मान मिळाला, आणि ऑक्टोबरात तो गेला.

गीतकाराला मान द्यायला आपण मागे होतो असंही नाही. गदिमा १९७३ मध्येच यवतमाळच्या साहित्य संमेलनाचे अध्यक्ष झाले. पण वामनदादा कर्डक सिन्नर तालुक्यातले, वस्त्यावस्त्यांतून गाणारे, आणि मी नाशिकला शिकलो तरी वर्गात त्यांची एक ओळ कधी कानावर पडली नाही. म्हणून मामेभावाची कसोटी मला एकतर्फी वाटते. गर्दीसमोर उभं राहून गाणाऱ्यालाच आपण ती लावतो, मग त्याच्या हातात ढोलकी असो की गिटार.

रविवारी त्याचा फोन येईल. बारिल्कोच्या ओळी मी मराठीत करून ठेवल्या आहेत. त्या त्याला वाचून दाखवणार आहे, चालीशिवाय. त्यानंतर वामनदादांच्याही.