पुराव्याअभावी

आमच्या घराण्यात मुतखड्याला मान आहे. तो अण्णाकाकांनी मिळवून दिला. १९७४ साली त्यांचं ऑपरेशन झालं तेव्हा पाठीपासून पोटापर्यंत हातभर चीर दिली होती, बरगडीचा तुकडा काढला होता आणि सव्वीस दिवस ते हॉस्पिटलात होते. (काकू म्हणतात बारा. पण काकू तेव्हा बाळंतपणाला माहेरी होत्या, त्यामुळे त्यांची साक्ष काका ग्राह्य धरत नाहीत.) तो खडा अजून काकांकडे आहे. अमृतांजनच्या जुन्या बाटलीत, कापसावर, अख्ख्या सुपारीएवढा. मुंज असो, बारसं असो, बाटली खिशात असते. मठ्ठ्याची दुसरी वाटी झाली की बाटली पानाशेजारी येते. मग सदरा वर करून चीर दाखवायची की नाही, ते समोरच्याच्या श्रद्धेवर.

तशी ही परंपरा जागतिक आहे. लंडनच्या सॅम्युअल पेपिस या रोजनिशीकाराचा खडा २६ मार्च १६५८ रोजी भूल न देता काढला. (भूल होतीच कुठे तेव्हा!) पुढे दर वर्षी त्या तारखेला तो जेवण घालायचा, आणि खड्यासाठी त्याने खास पेटी बनवून घेतली होती. तो आमच्या नात्यातला नाही, इतकंच.

हे आधी सांगितलं म्हणजे माझं दुःख नीट कळेल.

मे महिना होता. गुरुवार, म्हणजे पाणी बंद. मी दिवसभरात दोन कप चहा आणि तीन वाट्या आमरस एवढंच द्रवरूप घेतलं होतं. पहाटे साडेतीनला डाव्या कुशीत कळ आली. मुतखड्याच्या कळेचं वैशिष्ट्य असं, की बसवत नाही, उभं राहवत नाही, आडवं तर मुळीच पडवत नाही. मी दिवाणखान्यात येरझाऱ्या घातल्या, टीपॉयवर पोट टेकवून पाहिलं, देवघरासमोर उकिडवा बसलो.

"अहो, गॅस असेल. तिसरी वाटी घेऊ नका म्हटलं होतं," बायको म्हणाली आणि ओवा घेऊन आली. ओव्याने भागलं नाही. सकाळी सहाला इंजेक्शनने भागलं. दहाला सीटी स्कॅन.

युरॉलॉजिस्ट माझ्या मुलाच्या वयाचा. "काका, दोन स्टोन आहेत. एक चार एमएमचा, तो नळीत उतरलाय. ओरडतोय तो तोच. दुसरा बारा एमएमचा, किडनीच्या खालच्या कप्प्यात शांत बसलाय." आमच्या सोसायटीच्या कमिटीचं याहून नेमकं वर्णन मी ऐकलेलं नाही.

छोटा आपोआप पडेल, भरपूर पाणी प्या, आणि प्रत्येक वेळी गाळणीतून करा, म्हणजे खडा सापडेल आणि तपासता येईल, असं त्याने सांगितलं. घरी येऊन मी गाळणी मागितली. बायकोने ती दोन बोटांत धरून दिली. "ही आता तुमची. कायमची."

बातमी पसरली आणि सल्ले यायला लागले. पुण्यात सल्ला मागावा लागत नाही, तो आपला आपण वर चढून येतो. कुळथाचं कढण, पानफुटीची पानं, बार्लीचं पाणी. वरच्या मजल्यावरच्या साठ्यांनी आवाज खाली आणून बिअर सुचवली, आणि बायको आत गेल्यावर कंपनी द्यायची तयारीही दाखवली. टोमॅटो बंद झाले, बियांमुळे खडे होतात म्हणून. खरं तर खडा बहुतेक वेळा कॅल्शियम ऑक्झलेटचा असतो आणि ऑक्झलेटच्या बाबतीत पालकापुढे टोमॅटो अगदीच गरीब. पण पालक बंद झाला नाही, कारण त्यात लोह असतं. बंद झालं दूध, कारण त्यात कॅल्शियम. म्हणजे चहा कोरा.

इथे मात्र मी लढलो. कोऱ्या चहाने माणूस किती अभ्यासू होतो! इटलीतल्या डॉक्टरांनी वारंवार खडे होणाऱ्या १२० पुरुषांवर पाच वर्षं प्रयोग केला, तो २००२ मध्ये प्रसिद्ध झाला. निम्म्यांचं कॅल्शियम तोडलं. निम्म्यांना ते नेहमीइतकंच दिलं, पण मीठ आणि मांस कमी केलं. कॅल्शियम न तोडलेल्यांना खडे निम्म्याने कमी झाले. कारण जेवणातलं कॅल्शियम आतड्यातच ऑक्झलेटला धरून ठेवतं, ते मूत्रपिंडापर्यंत पोचतच नाही. हे सगळं मी बायकोला मोठ्याने वाचून दाखवलं. ती म्हणाली, "मग मीठ बंद." दूध परत आलं आणि लोणचं गेलं.

एक उपाय मात्र मला शास्त्राने दिला. अमेरिकेत एका डॉक्टरकडे रोलर कोस्टरमध्ये बसल्यावर खडे पडल्याचे रुग्ण यायला लागले. म्हणून त्याने सिलिकॉनची नकली किडनी केली, तिच्यात खरे खडे आणि लघवी भरली आणि सॅकमध्ये घालून ती रोलर कोस्टरमधून पुन्हा पुन्हा फिरवली. पुढच्या डब्यात बसलं तर सुमारे १७ टक्के वेळा खडा सुटतो, शेवटच्या डब्यात ६४ टक्के. हे संशोधन २०१६ मध्ये छापून आलं आणि २०१८ मध्ये त्याला इग नोबेल (आधी हसवणाऱ्या, मग विचार करायला लावणाऱ्या संशोधनाचं बक्षीस) मिळालं. वाचताना मला गहिवरून आलं. आमच्या भागात एक रस्ता आहे (नाव घेत नाही, प्रत्येकाने आपापला समजावा), तिथे अमेरिकेला तिकीट काढून जे मिळतं ते आपल्याला रिक्षाच्या मीटरवर मिळतं. मी बसची शेवटची सीट धरली आणि तीन फेऱ्या मारल्या. कंडक्टरला वाटलं, माझं घरी बिनसलंय.

चौथ्या दिवशी छोटा खडा पडला. कुशीतली कळ एकदम थांबली, बारीक टिक् असा आवाज आला आणि फ्लश करून झाल्यावर माझ्या लक्षात आलं, की गाळणी बाल्कनीत वाळत होती.

पहिला पुरावा असा गेला.

राहिला बारा एमएमवाला. त्याचं काय करायचं, हे ठरवताना डॉक्टरने मला पन्नास वर्षांचा इतिहास दहा मिनिटांत सांगितला. पूर्वी चीर, म्हणजे काकांचं युग. १९७६ मध्ये स्वीडनमध्ये पाठीला भोक पाडून त्यातून खडा काढला. मग १९८० मध्ये म्युनिकला तर हातच लावला नाही, रुग्णाला पाण्याच्या टबात ठेवून बाहेरूनच धक्क्याच्या लहरींनी खडा फोडला. ते यंत्र डॉर्निअर या विमानाच्या कंपनीचं. आवाजाहून वेगाने जाणाऱ्या विमानावर पावसाचे थेंब आपटले की पत्र्याचं काय होतं, याचा अभ्यास करताना त्यांना ही वाट सापडली. विमानाची काळजी करता करता मुतखड्यापर्यंत पोचणं, ही विचारांची झेप मला फार आवडली. आमच्या कट्ट्यावर रोज असंच होतं.

"मग मला टबात ठेवा," मी म्हटलं.

"तुमचा फार कडक आहे. सीटीवर तेराशे युनिट. शिवाय खालच्या कप्प्यात. तुकडे झाले तरी वर चढून बाहेर येणार नाहीत."

"मग पाठीला भोक?" मी आशेने विचारलं. भोक म्हणजे निदान एखादा टाका.

"एवढ्याशा स्टोनला कशाला काका? आरआयआरएस करू. नैसर्गिक मार्गाने दुर्बीण वर नेऊ, लेसरने फोडू. एकही टाका नाही."

तो हे आनंदाने सांगत होता. नैसर्गिक मार्ग म्हणजे कोणता, हे मला दोन सेकंदांनी कळलं आणि मी पाय जवळ घेतले.

त्यानंतर कॅशलेसची परवानगी. अण्णाकाका म्हणतात, सुश्रुताने हे सगळं लिहून ठेवलंय. दुर्बिणीचं नाही लिहिलं, पण एक गोष्ट खरोखर लिहिली आहे : शस्त्रक्रिया न केली तर मृत्यू नक्की, केली तर शंका, म्हणून वैद्याने आधी ‘ईश्वरा’ला विचारावं. जाणकार ईश्वर म्हणजे राजा असा अर्थ लावतात. आता टीपीए, म्हणजे विम्याचे कागद तपासणारी मधली कंपनी. राजाने कागद किती वेळा परत पाठवावेत, याचा उल्लेख संहितेत नसावा. माझे तीनदा आले. एकदा विचारलं, चीर किती सेंटीमीटर? हॉस्पिटलने लिहिलं, शून्य. उलट प्रश्न आला, मग शस्त्रक्रिया कोणती?

नेमका माझ्या मनातला प्रश्न.

ऑपरेशनबद्दल सांगण्यासारखं माझ्याकडे काही नाही, मी झोपलो होतो. जागा झाल्यावर पोट चाचपलं, कूस चाचपली. बँडेजसुद्धा नाही. डॉक्टरने मोबाइलवर व्हिडिओ दाखवला. जेमतेम तीन मिलिमीटर जाडीची दुर्बीण, सापासारखी मागे वळून खालच्या कप्प्यात डोकावते. तिच्यातून दोन-तीन केसांइतकी लेसरची तार बाहेर येते. "थुलियम फायबर लेसर," तो म्हणाला, नवी बाइक दाखवावी तसा. जुना होल्मियम सेकंदाला फारतर शंभरेक ठोके देतो, हा हजारांत जाऊ शकतो. पाण्यात फार पटकन शोषला जातो, त्यामुळे खडा फुटून उडत नाही, झिजतो. पडद्यावर माझा बारा एमएमचा, तेराशे युनिटांचा, आयुष्यभराचा संचय पिठीसाखरेसारखा विरत होता.

"तुकडे कुठायत?"

"तुकडे होऊच देत नाही आता. डस्टिंग. पाव मिलिमीटरहून बारीक."

"मग धूळ?"

"ओढून घेतली. नवीन शीथ आलीय ना, म्हणजे दुर्बिणीभोवतीची नळी, तिचं टोक दुर्बिणीबरोबर वळतं आणि आतल्या आत सक्शन करतं. किडनीतलं प्रेशर वाढत नाही, धूळ राहत नाही. एकदम क्लीन!"

शास्त्र इतकं पुढे गेलंय, की गुन्ह्याच्या जागी बोटाचा ठसासुद्धा ठेवत नाही. तपासणीसाठी म्हणून एका कुपीत चिमूटभर पिवळट पूड ठेवली होती. तीही प्रयोगशाळेत गेली.

दुसऱ्या दिवशी घरी. भेटायला माणसं आली, पोह्यांच्या बश्या फिरल्या, आणि प्रत्येकाची नजर माझ्या अंगावरून फिरून रिकामी परत गेली. "टाके कधी काढणार?" "नाहीत." "अच्छा, म्हणजे तसं किरकोळच." साठ्यांचं प्रोस्टेट गेल्या वर्षी रोबोटने काढलं. त्यांच्या पोटावर ओळीने भोकांच्या खुणा आहेत, आणि सर्जन त्या वेळी खोलीच्या कोपऱ्यात खुर्चीवर बसून पडद्यात बघत होता, हे ते चित्तथरारक सांगतात. माझ्याकडचा थरार चार माणसांत सांगण्याजोगा नव्हता.

कारण माझ्यात डीजे होता. डीजे म्हणजे डबल जे स्टेंट. रॉय फिनी नावाच्या अमेरिकन डॉक्टरने १९७८ मध्ये आणलेली मऊ नळी. लांबी वीतभरापेक्षा थोडी जास्त, दोन्ही टोकांना आकडे, एक मूत्रपिंडात, एक मूत्राशयात. सुजलेली वाट उघडी राहावी म्हणून ठेवतात. बायकोने माहेरी फोनवर सांगितलं, "यांना डीजे लावलाय बारा दिवस," आणि पलीकडून सासूबाई काळजीने म्हणाल्या, "पण आत्ता कसले गणपती?"

उपमा चुकलेली नव्हती. दर चाळीस मिनिटांनी मिरवणूक निघायची. जायचं, तर आग. न जायचं, तर धीर नाही. आणि गेलं की दाब उलटा वर चढून थेट पाठीत कळ. त्या बारा दिवसांत मी चितळ्यांची रांग सोडून परत फिरलो, एका लग्नात अक्षता हातात धरून दुसऱ्या मजल्यावर पळालो, आणि डेक्कन ते स्वारगेटमधली प्रत्येक मुतारी मला नावाने ओळखू लागली. लहरी, लेसर, रोबोट, सगळं झालं. एवढी एक नळी माणसासारखी वागेल असं काही कुणाला का सुचत नाही? चुंबकाने ओढून काढायची नळी निघाली आहे म्हणे. मला ती आत असतानाची सुधारणा हवी होती.

"काढायला विसरू नका हं," डॉक्टरने बजावलं होतं. काही जण विसरतात, मग महिनोन्महिने राहिलेल्या नळीवरच नवा खडा जमतो. म्हणून त्यांच्याकडे स्टेंटची वेगळी नोंदवही असते. खोटं कशाला बोलू, क्षणभर माझ्या मनात आलं : राहू द्यावी का? निदान दाखवायला काहीतरी होईल.

बाराव्या दिवशी काढली. जेली, थोडं थांबणं, "काका, रिलॅक्स, लांब श्वास", आणि लांब श्वास अर्धा झाला असतानाच सिस्टरच्या चिमट्यात माझा डीजे लोंबत होता. मी म्हटलं, धुऊन द्या, घरी नेतो. त्या म्हणाल्या, जैववैद्यकीय कचरा आहे, लाल पिशवीत जाणार. नियम २०१६ चे. बाहेर पाटीवर तारखेसकट लिहिलेले होते.

रिपोर्ट तेवढा आला. कॅल्शियम ऑक्झलेट मोनोहायड्रेट, म्हणजे खनिजशास्त्रात व्हेवेलाइट. ज्या विल्यम व्हेवेलने ‘सायंटिस्ट’ हा शब्द घडवला, त्याचं नाव या खनिजाला दिलंय. मी हे अण्णाकाकांना सांगितलं. ते मुद्दाम समाचाराला आले होते. त्यांनी कागद उलटसुलट केला आणि विचारलं, "पण बाळ्या, खडा कुठाय?"

"धूळ झाली, काका."

"धूळ," ते म्हणाले. आमच्या अख्ख्या पिढीबद्दलचं मत त्या एका शब्दात होतं. मग माझी समजूत घालावी म्हणून त्यांनी खिशातून बाटली काढली आणि खडा कापसासकट टीपॉयवर ठेवला. त्याच टीपॉयवर, जिथे मी त्या पहाटे पोट टेकवलं होतं.

तेवढ्यात बेल वाजली. ऑफिसातले देशपांडे सपत्नीक आले होते, नारळपाणी घेऊन. वहिनींची नजर सरळ टीपॉयवर गेली. "अगं बाई! केवढा हा! आणि हे सगळं तुम्ही सोसलंत, भाऊजी?"

मी काकांकडे पाहिलं. काकांनी माझ्याकडे पाहिलं. स्वयंपाकघराच्या दारात बायको थांबली होती.

"बसा ना, वहिनी," मी म्हटलं. "त्याचं असं झालं, पहाटेचे साडेतीन वाजले होते..."

काका खोकले. पण बाटलीचं झाकण त्यांनी लावलं नाही.