दोन शिंपी, दोन कादंबऱ्या आणि आपला मराठवाडा

गेल्या काही दिवसांत दोन कादंबऱ्या पाठोपाठ वाचून झाल्या. देवीदास सौदागर यांची ‘उसवण’ आणि रा. रं. बोराडे यांची ‘पाचोळा’. ‘पाचोळा’ कॉलेजात असताना वाचली होती, पण परीक्षेपुरती. ‘उसवण’ संपली तसं उठून कपाटातून तीच काढली. दोन्हींत शिंप्याचं घर, दोन्ही आपल्या मराठवाड्यातल्या, आणि मधे जवळपास पन्नास वर्षं गेलेली.

मराठवाड्यातलं पुस्तक म्हटलं की लोक आधीच ठरवून टाकतात: दुष्काळ असणार, सावकार असणार, शेवटी फास असणार. बाहेरचे ठरवतात तसं आपणही ठरवतो. शेतकऱ्याचं दुःख मी कमी लेखत नाही. भास्कर चंदनशिवांची ‘लाल चिखल’ वाचताना आजही माझा घसा दाटतो, आणि टमाट्याचा भाव पडल्याची बातमी आली की ती कथा आठवल्याशिवाय राहत नाही. पण गावात सातबारा नसलेलीही माणसं राहतात. त्यांचं नुकसान झालं तर तलाठी पंचनाम्याला येत नाही, यादीत नाव लागत नाही, कुणी विचारायलाही येत नाही. त्यांचं घर कसं मोडतं ते या दोन कादंबऱ्यांत आहे, आणि म्हणूनच मला त्यांच्याबद्दल एवढं पोटतिडकीनं लिहावंसं वाटतंय.

‘पाचोळा’ १९७१ची. म्हणजे बहात्तरचा दुष्काळ अजून पडायचा होता. या घराची वाताहत व्हायला दुष्काळ लागतच नाही. घरधन्याचा हेकटपणा, गावातली माणसं, घरातले ताण एवढ्यावर सगळं उद्ध्वस्त होतं. आणि हे सांगते कोण, तर शिंप्याची बायको. तिच्या बोलीत, तिच्या जिवाच्या घालमेलीसकट. बोराडे सरांचं सगळ्यात मोठं काम मला हे वाटतं. त्या बाईला नवऱ्याचं कुठं चुकतंय ते कळतं. बोललं तर घर पेटतं, गप्प बसलं तर घर बसतं, अशा कात्रीत ती आहे. सांगणारा तिसराच कुणी असता तर त्या शिंप्याचा आपल्याला नुसता राग आला असता. ती सांगते म्हणून कीव येते, आणि तिच्याबद्दल आदर वाटतो. २०२५च्या फेब्रुवारीत सर गेले. तेव्हा श्रद्धांजलीच्या पोस्टी पुष्कळ पडल्या. त्यातल्या किती जणांनी ‘पाचोळा’ पुन्हा उघडली असेल, असं मनात येऊन गेलं.

‘उसवण’ला २०२४चा साहित्य अकादमीचा युवा पुरस्कार मिळाला. सौदागर तुळजापूरचे, आणि स्वतः मशीनवर बसून शिलाईकाम केलेले. हे मी कौतुकापोटी सांगत नाही. आत हात घातलेला माणूस लिहितो तेव्हा वाक्याला वजन येतं, म्हणून सांगते. कादंबरी छोटेखानी आहे, गोष्ट सरळ आहे: रेडीमेड कपडे आले आणि शिंप्याच्या हातचं काम गेलं. ‘पाचोळा’त भांडण ओळखीच्या माणसांशी आहे, शिव्या द्यायला समोर कुणीतरी आहे. ‘उसवण’मधल्या शिंप्यानं भांडायचं कुणाशी? रेडीमेडच्या दुकानदाराशी? गिऱ्हाइकाशी? गिऱ्हाईक तर नमस्कार करून, विचारपूस करून पुढं जातं. मला ही दुसरी कोंडी जास्त भयंकर वाटली.

आपल्याकडची लग्नं बघा. लातूरला गंजगोलाईत बस्ता बांधायला जायचं म्हणजे केवढा सोहळा. पूर्वी बस्त्यातलं कापड शिंप्याकडं जायचं, आणि लगीनसराईत त्याला जेवायला फुरसत नसायची. बायको शेजारी बसून काजं-बटणं करायची, तुरपाई करायची. आता नवरदेवाचा सूट रेडीमेड, करवल्यांचे ड्रेस रेडीमेड. आहेरात मात्र अजून पँटपीस-शर्टपीसच देतात. ते कुणी शिवत नाही. आमच्या घरच्या कपाटात असे पीस आहेत, घडीसुद्धा न मोडलेले. कुणाचं तरी लग्न निघालं की त्यातलाच एक बाहेर पडतो आणि दुसऱ्या कपाटात जाऊन बसतो. त्या कापडाला कात्री लागतच नाही. ‘उसवण’ वाचल्यापासून ते कप्पे मला बघवत नाहीत.

आमच्या गल्लीतल्या शिंप्याकडं आता नवीन शिवायला क्वचितच कुणी येतं. जीन्स खालून कमी करून द्या, चेन बदला, कंबर ढिली करा. दुसऱ्यानं शिवलेलं उसवायचं आणि पुन्हा टीप मारायची. ज्यानं अंगावर नुसती नजर टाकून छाती-खांद्याचा अंदाज सांगितला, त्याला आता मापाची वहीच लागत नाही.

एक गोष्ट मात्र दोन्ही कादंबऱ्यांच्या बाहेर राहते. जेन्ट्स टेलर बसला, पण ब्लाऊज शिवणारी बाई अजून चालते आहे. प्रत्येक बाईचं माप वेगळं, गळ्याची हौस वेगळी, साडीबरोबर आलेला पीस वेगळा. तालुक्याच्या गावात घरोघरी ‘फॉल-पिको करून मिळेल’ अशा पाट्या आहेत. शेजारी काजं-बटणं करणारी बाई आता स्वतः मशीनवर बसली आहे. घर तिच्या पैशावर चालतं आणि दुकानाची पाटी नवऱ्याच्या नावाची असते. पन्नास वर्षांपूर्वी बोराडे सरांनी शिंप्याच्या बायकोला बोलतं केलं. आज मशीनवर बसलेल्या तिच्या नातीची कादंबरी मला वाचायची आहे. कुणाच्या वाचनात आली असेल तर नाव नक्की सांगा. कथा असली तरी चालेल, दिवाळी अंकातली असली तरी चालेल. आणि कासार, कुंभार, लोहार यांच्या घरातून लिहिलेलं काही चांगलं वाचलं असेल तर तेही सुचवा, पुढच्या महिन्याची पुस्तकं मागवायची आहेत.