बढती मिळवण्याचा स्क्रँटनी मार्ग

बढतीच्या मुलाखतीला निघाला आहात? मग करिअर सल्लागाराला पैसे देऊ नका. 'द ऑफिस' या अमेरिकी मालिकेच्या तिसऱ्या सीझनचा शेवटचा भाग पाहा. नाव 'द जॉब', एनबीसीवर लागला 17 मे 2007 रोजी. पेनसिल्व्हेनियातल्या स्क्रँटन गावी कागद विकणारी डंडर मिफ्लिन कंपनी, न्यूयॉर्कच्या मुख्यालयात एक जागा रिकामी होणार, आणि इच्छुक तिघे: शाखेचा साहेब मायकल स्कॉट, सेल्समधला जिम आणि त्याची मैत्रीण कॅरेन. यशाचं सगळं शास्त्र यात आहे.

पहिलं म्हणजे आत्मविश्वास. मुलाखत व्हायच्या आधीच राहतं घर ई-बेवर विकायला काढा. मायकलने काढलं. शिवाय आपली खुर्ची हाताखालच्या ड्वाइट श्रूटला देऊन टाकली, समारंभपूर्वक. निवड समितीला असा उमेदवार नाकारताना किती संकोच वाटेल, विचार करा.

मुलाखतीत तुमचे दोष विचारतील. सांगा, मी फार राबतो, फार जीव लावतो, कामात फारच गुंततो. मग गुण विचारतील. तेव्हा दोष हेच माझे गुण, असं म्हणून मोकळे व्हा. एका उत्तरात दोन प्रश्न उरकले, मुलाखत घेणाऱ्या, मुख्यालयातल्या डेव्हिड वॉलेसचाही वेळ वाचला. आणि बोलता बोलता डेव्हिडने विश्वासाने सांगितलं की ही जागा जॅनची आहे, तिला काढणार आहोत, तर ते गुपित लगेच जॅनच्या कानावर घाला. मुळात जॅन ही तुमची प्रेयसी आणि वरिष्ठ, दोन्ही असणं सोयीचं. ती तरातरा डेव्हिडच्या खोलीत शिरेल, तमाशा होईल, तिला बाहेर काढावं लागेल. जागा रिकामी व्हायला एवढी मदत कोणता उमेदवार करतो? नोकरी तरीही मिळत नाही हा भाग वेगळा. बेकार झालेली जॅन मात्र तुमच्याकडेच राहायला येते. घर विकलं गेलं नाही ना, याची खात्री तेवढी करून घ्या.

मागे राहिलेल्यांनीही निराश होऊ नये. साहेबाची गाडी निघाली, की त्याच्या केबिनला काळा रंग द्या. हाताखालच्यांना धाक बसतो, असं ड्वाइटचं मत. पगारवाढीसाठी पैसे नसतील तर स्वतःच्या नावाचं चलन छापा. ड्वाइटने 'श्रूट बक्स' काढले. यात धोका एकच. स्टॅनलीसारखा निवृत्तीकडे डोळे लावून शब्दकोडं सोडवणारा जुना माणूस शांतपणे म्हणतो, माझ्याशी पुन्हा कधी बोलला नाहीस तर मीच तुला अब्जभर 'स्टॅनली निकल' (म्हणजे त्याच्या नावाची चिल्लर) देतो. (एचआरच्या 'रिवॉर्ड पॉइंट्स'ना हे उत्तर आपल्याकडे अजून कुणी जाहीरपणे दिलेलं मी ऐकलं नाही.) साहेब तोंड पाडून परत आला, की काळ्या भिंतींचं काय करायचं ते तुमचं तुम्ही पाहा.

आता जिमचं. त्याच्याकडून काही शिकू नका. केस कापून, नीट कपडे घालून गेला, बरं बोलत होता, नोकरी हाताशी आली होती. कागदपत्रांत रिसेप्शनवरच्या पॅमची चिठ्ठी निघाली आणि सोबत दह्याच्या डबीच्या सोनेरी झाकणाचं पदक, मागच्या सीझनमधल्या ऑफिस ऑलिंपिकचं. डेव्हिडने विचारलं, दहा वर्षांनी स्वतःला कुठे पाहता? हा प्रश्न केवळ रीत म्हणून विचारतात, त्याचं उत्तर खरोखर शोधायचं नसतं, एवढंही या माणसाला कळू नये! त्याने शोधलं. अर्ज मागे घेतला, कॅरेनला न्यूयॉर्कमध्ये सोडलं, तडक स्क्रँटन गाठलं, कॅमेऱ्यासमोर बोलणाऱ्या (मालिका माहितीपटाच्या ढंगाची आहे) पॅमला मध्येच तोडून आज रात्री जेवायला येतेस का असं विचारलं. ती हो म्हणाली. डोळे भरून आले होते तिचे, माझेही, पण पगाराच्या स्लिपवर त्याची नोंद होत नाही.

मग नोकरी कुणाला? रायनला. टेम्प, म्हणजे हंगामी कर्मचारी, म्हणून आलेला, एकदा टोस्टरमध्ये खाणं जाळून सगळं ऑफिस रस्त्यावर आणलेला, सेल्समध्ये गेल्यावर विक्रीच्या खात्यात शून्य जमा असलेला रायन. त्याच्याकडे एमबीए होतं. त्याने अर्ज केलाय हे प्रेक्षकांनाही शेवटच्या मिनिटापर्यंत कळलं नाही. तेव्हा घर विकू नका, गाजावाजा करू नका, काम तर मुळीच करू नका. गुपचूप पदवी घ्या आणि फोनची वाट पाहा. फोन ठेवताक्षणी पहिलं काम ते करा जे त्याने केलं: जवळ बसलेल्या केलीला, म्हणजे ऑफिसातल्या प्रेयसीला, सांगून टाका की आपलं संपलं.

पुढच्या सीझनच्या शेवटी रायनला पोलीस बेड्या घालून नेतात, एकच विक्री दोनदा दाखवून कंपनीला फसवल्याबद्दल. पण तोवर अख्खा सीझन न्यूयॉर्कचं ऑफिस, भारी कपडे आणि दाढी. शिवाय मुलाखतीत ते कुणी विचारत नाही.