मनावर घेतलं की होतं

रविवारी सकाळी फोन उघडला तर घरच्या ग्रुपवर मोठ्या मामांचा चार मिनिटांचा व्हॉइस मेसेज पडला होता. विषय माझी धाकटी मावसबहीण. वय ४१, मधुमेहाला नऊ वर्षं झालेली, बीएमआय, म्हणजे उंचीच्या मानाने वजनाचा आकडा, ३४, गोळ्या पुरेनाशा झालेल्या. डॉक्टरांनी तिला वजन कमी करण्याची शस्त्रक्रिया सुचवली आहे. विमा कंपनीने खर्च द्यायला नकार दिला, म्हणून प्रश्न घरात आला, आणि घरातले पैसे काढायचे म्हटल्यावर प्रत्येकाला मत असतंच. मामांचं मत असं, की जिभेवर ताबा राहत नाही म्हणून पोटावर सुरी चालवून घ्यायची, हा आळशी माणसाचा शॉर्टकट आहे. तेल कमी कर, पंतप्रधानांनीही सांगितलंय १० टक्के कमी करा, पहाटे उठून चाल. आणि शेवटी: "आपल्या घरातच उदाहरण आहे की. तिकडे एकटीने, नोकरी आणि मूल सांभाळून, तीस किलो उतरवले तिने. मनावर घेतलं की होतं."

ते उदाहरण म्हणजे मी.

त्याखाली अकरा अंगठे उठले होते. एक आईचाही होता.

मुलीला पोहायला सोडलं आणि तासभर गाडीतच बसून राहिले. शॉर्टकट हा शब्द डोक्यातून जाईना. इंग्लंडमध्ये मला चौदा वर्षं झाली. वजनाबद्दल माझ्या जीपीशी, म्हणजे इथल्या फॅमिली डॉक्टरशी, डाएटिशियनशी, नर्सशी किती वेळा बोलणं झालं याची गणती नाही, पण हा शब्द त्यांच्यापैकी कोणाच्या तोंडून ऐकला नाही. "एवढं वाढू कसं दिलंस?" असंही कोणी विचारलं नाही. इथे डॉक्टर लठ्ठपणाला दमा किंवा रक्तदाबासारखा जुना, चिवट आजार मानतात. आपल्याकडे तो माणसाच्या स्वभावाचा दाखला होतो. आणि बाईचा असेल तर तिच्या आईच्या वळणाचाही.

मामांना कोणीतरी सांगायला हवं की मनावर घेणं तपासून झालेलं आहे. २०१६ मध्ये अमेरिकेतल्या संशोधकांनी टीव्हीवरच्या वजन उतरवण्याच्या स्पर्धेतल्या १४ जणांना सहा वर्षांनी पुन्हा तपासलं. देशासमोर घाम गाळून वजन उतरवलेली ही माणसं. बहुतेकांचं वजन बरंचसं परत आलं होतं, आणि तरीही त्यांचं शरीर विसाव्याच्या वेळी अपेक्षेपेक्षा रोज सुमारे ५०० कॅलरी कमी जाळत होतं. वजन उतरलं की शरीर ते नुकसान समजतं आणि भरून काढायला बसतं. भूक वाढवणारी संप्रेरकं वाढतात, पोट भरल्याचं सांगणारी कमी होतात. माणूस दोन-चार महिने त्याच्याशी भांडू शकतो. जन्मभर रोज भांडणं जवळजवळ कोणालाच जमत नाही.

शस्त्रक्रिया हे भांडणच बदलते. गॅस्ट्रिक बायपास ही काही कालची टूमही नाही, एडवर्ड मेसन या अमेरिकी सर्जनने ती १९६६ मध्ये सुरू केली. जठराच्या वरच्या टोकाला सुमारे ३० मिलिलिटरची पिशवी करतात आणि लहान आतड्याचा पुढचा भाग वर आणून तिला जोडतात. उरलेलं जठर काढून टाकत नाहीत, ते आतच राहतं. अन्न पटकन खालच्या आतड्यात पोचतं आणि पोट भरल्याचं सांगणारी जीएलपी-१ सारखी संप्रेरकं भरपूर सुटतात. मौंजारो, वेगोवी ही जी इंजेक्शनं २०२५ मध्ये भारतात आली, तीही अशाच संप्रेरकांची नक्कल करतात. मामांच्या एका मित्राने ती घेऊन बारा किलो कमी केले, तर मामा त्याला "नवीन औषध निघालंय" म्हणून कौतुकाने सांगतात. इंजेक्शन बंद केलं की बहुतेकांचं बरंचसं वजन परत येतं, हे मात्र सांगत नाहीत. सुईने केलं तर औषध आणि सुरीने केलं तर आळस, हा न्याय मला कळत नाही.

आणि विमा! पॉलिसीत छापलेली प्रमाणित अट अशी, की बीएमआय ४० हवा, किंवा ३५ आणि सोबत ठरावीक गंभीर आजार. बहिणीचा ३४. हे ४० आणि ३५ चे आकडे १९९१ मध्ये अमेरिकेत तज्ज्ञांच्या बैठकीत ठरले. आपली शरीरं त्या मापाची नाहीत, हे दाखवण्यात तर आपलं पुणंच पुढे होतं. केईएम रुग्णालयाचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि त्यांचे ब्रिटिश सहकारी जॉन युडकिन यांनी २००४ मध्ये 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात स्वतःचीच उदाहरणं मांडली. दोघांचा बीएमआय २२.३, अगदी सारखा. युडकिन यांच्या शरीरात चरबी ९.१ टक्के आणि याज्ञिकांच्या २१.२. कमी वजनातच आपल्याला मधुमेह का गाठतो, याचं उत्तर यात आहे. २०२२ मध्ये वजन कमी करण्याच्या शस्त्रक्रिया करणाऱ्या सर्जनांच्या जागतिक संघटनांनी आशियाई लोकांसाठी बीएमआय २७.५ पासून शस्त्रक्रियेचा विचार करा असं सांगितलं. इंग्लंडच्या नियमांतही दक्षिण आशियाई माणसासाठी उंबरठा अडीचने खाली आणलेला आहे, आणि मधुमेह दहा वर्षांच्या आतला असेल तर तपासणी लवकर करतात. म्हणजे माझी बहीण इथे असती तर रांगेत उभी राहू शकली असती. शोध पुण्यात लागला, वापर इथे होतो आणि तिला नकाराचं पत्र मिळतं.

हे आकडे मला पाठ आहेत, कारण एके काळी मी ते रात्र-रात्र वाचत होते. ऑक्टोबर २०१९ मध्ये माझं बायपास झालं. घरी कोणालाच माहीत नाही. नवरा आणि इथली एक शेजारीण, बस.

तेव्हा मी ९७ किलो होते, उंची १५८. मधुमेह पाच वर्षांचा, छातीत जळजळ इतकी की तीन उशा घेऊन झोपायचे. टियर थ्रीमध्ये, म्हणजे ऑपरेशनच्या आधीच्या वजनाच्या खास क्लिनिकमध्ये, वर्षभर काढलं, मग यादीत नाव, मग पुन्हा थांबणं. जीपीने नाव पाठवल्यापासून टेबलावर पडेपर्यंत बावीस महिने गेले. इथली व्यवस्था भारी म्हणून मी मामांना सुनावते आहे, पण हे बावीस महिनेही त्याच व्यवस्थेचे. आणि जीपीच्या खोलीबाहेरचा देश वेगळा असतो हेही खरं. मुलीला शाळेतून आणताना एकदा गाडीतून जाणाऱ्या पोरांनी खिडकी खाली करून माझ्यावर ओरडून घेतलं. मुलीने विचारलं, ते काय म्हणाले? मी म्हटलं, रस्ता विचारत होते. हेही मी घरी कधी सांगितलं नाही.

मानसशास्त्रज्ञ बाईंनी विचारलं होतं, ऑपरेशनबद्दल घरच्यांपैकी कोणाकोणाला सांगणार? मी म्हटलं, सगळ्यांना. त्यांनी ते लिहून घेतलं.

ऑपरेशनच्या आधी दोन आठवडे यकृत लहान करण्यासाठीचा आहार होता. डोकं सतत दुखायचं, ऑफिसात स्क्रीनवरची अक्षरं हलायची. दुर्बिणीने केलेलं ऑपरेशन, दुसऱ्या दिवशी घरी. आठवडाभरात मधुमेहाच्या गोळ्या बंद झाल्या, तेव्हा वजन जेमतेम तीन किलो उतरलं होतं. ज्या आजारापायी पायाची जखम भरायची वाट बघत रडले होते, तो काट्यावर काही दिसायच्या आतच मागे सरला. त्या दिवशी मी स्वयंपाकघरात उभी राहून मोठ्याने रडले.

पण त्यानंतरचं रोजचं जगणं ज्याला शॉर्टकट वाटतं, त्याने ते एक आठवडा जगून बघावं. आधी महिनाभर पातळ, मग मऊ, मग एकेक घास वीस वेळा चावून. जेवताना पाणी नाही, जेवणानंतर अर्धा तास पाणी नाही. एक घास जास्त झाला की छातीच्या हाडामागे दगड अडकल्यासारखं दुखतं, आणि तो खाली सरकेपर्यंत बोलता येत नाही. चौथ्या महिन्यात केस मुठीने गळले. दर तीन महिन्यांनी बी-१२ चं इंजेक्शन, रोज कॅल्शियम, लोह, डी जीवनसत्त्व, वर्षातून एकदा रक्ततपासणी, आणि हे सगळं मरेपर्यंत. गुडघा दुखला तरी आयबुप्रोफेन घ्यायची नाही, पिशवीच्या जोडावर व्रण होतो. दंडाची आणि पोटाची कातडी लोंबते, ती कपड्यांत बसवावी लागते. दीड वर्षात ६६ पर्यंत आले, आता ७१ आहे. वाढलेले पाच किलो मला रोज दिसतात. पोटाची भूक गेली, पण संध्याकाळी सात वाजता मनाची जी भूक उठते तिच्यावर कोणी टाके घातलेले नाहीत. तिच्याशी मी अजून एकटीच बोलते. एवढं असूनही उद्या पुन्हा वेळ आली तर पुन्हा करेन.

मग सांगितलं का नाही? स्वतःला मी बरीच वर्षं असं सांगत होते की आईला काळजी लागेल. ते अर्धंच खरं. मी देश सोडला तेव्हापासून घरात एक वाक्य ऐकत आले आहे: "तिकडे काय, सगळं सोपं." वडिलांच्या शेवटच्या आजारपणात धावपळ बहिणीने आणि मावशीने केली, मी पैसे पाठवले. इथलं एकटीने काढलेलं बाळंतपण, बर्फात बसची वाट बघणं, यातलं काही त्या हिशेबात धरलं जात नाही. ज्यांना मागे ठेवून मी निघून आले त्यांच्या नजरेत परदेशी जाणं हाच माझा पहिला शॉर्टकट होता. आणि मग अचानक मी तीस किलो उतरवून विमानातून उतरले, आणि मामा पाठीवर थाप मारून म्हणाले, "पोरीने कष्ट केले." इतक्या वर्षांत पहिल्यांदा. ती थाप मला परत करता आली नाही.

डिसेंबर २०२२ मध्ये घरातल्या एका लग्नाला गेले होते. नवऱ्या मुलाच्या आईने स्वतःच्या हाताने गोड भरवलं, तोंड फिरवता आलं नाही. वीस मिनिटांत दरदरून घाम, छातीत धडधड, डोळ्यांपुढे अंधारी. साखर एकदम आतड्यात उतरली की असं होतं, त्याला डम्पिंग म्हणतात. बाथरूमच्या फरशीवर बसून होते. दारावर टकटक केली ती याच बहिणीने. मी म्हटलं, प्रवासाचा शीण आहे. तिने तोंड पुसून दिलं, शेजारी बसली आणि हळूच विचारलं, "ताई, तू नक्की काय करतेस? सांग ना, मी लिहून घेते."

आणि मी सांगितलं. सकाळी पाऊण तास चालायचं, जेवणाआधी दोन ग्लास पाणी, ताट लहान घ्यायचं, रात्री आठनंतर काही नाही. तिने ते कागदावर लिहून फ्रिजवर चिकटवलं, फोटोही पाठवला होता.

मामांवर मी चिडले, पण त्यांच्या हातात दिलेला पुरावा माझाच होता. त्यांनी खोटं काही सांगितलेलं नाही. जे मी सांगितलं तेच त्यांनी पुढे सांगितलं.

त्याच दुपारी मी बहिणीला फोन केला. सगळं सांगितलं, तारखेसकट. पलीकडून बराच वेळ फक्त पंख्याचा आवाज येत होता. मग ती म्हणाली, "तीन वर्षं जेवणाआधी दोन ग्लास पाणी पितेय मी, ताई." मी माफी मागितली. ती त्यावर काही बोलली नाही, आणि ती बोलायला हवी होती असंही मला वाटत नाही. थोड्या वेळाने तिने विचारलं, केस परत आले का. मग गोळ्या किती, कामावर कधी जाता येतं, टाके ओढतात का. तासभर बोललो. पैशांपैकी माझा वाटा मी उचलणार आहे, हे ग्रुपवर मीच लिहिणार आहे आणि का ते पण लिहिणार आहे. मामा काय म्हणायचं ते म्हणोत.

पण त्याआधी आईला सांगायचं होतं. तिकडे रात्रीचे नऊ वाजून गेले होते, ती झोपायच्या तयारीत होती. मी भराभर बोलून टाकलं. २०१९ च्या ऑक्टोबरात मी कामासाठी तीन दिवस बाहेरगावी जातेय असं तुला सांगितलं होतं, आठवतं? तेव्हा मी हॉस्पिटलात होते. मला वाटलं ती चिडेल, रडेल, लोकांना काय सांगायचं म्हणेल. तिने यातलं काही केलं नाही.

"तुझ्याजवळ कोण होतं गं तेव्हा?" एवढंच विचारलं.

नवरा सकाळी सात वाजता दारात सोडून परत गेला होता. मुलीला शाळेत पोचवायचं होतं, आणि तिला ठेवायला आमचं इथे कोणी नव्हतं.

"नर्स होती," मी म्हटलं.