मागचा ब्रेक ‘नावालाच’ नसतो

जुन्या गाड्या हौसेने चालवणाऱ्यांमध्ये सध्या एक मेसेज जोरात फिरतोय. त्याचं सार असं: फ्रंट व्हील ड्राइव्ह (इंजिनाचा जोर पुढच्या चाकांना देणाऱ्या) गाडीला मागचा ब्रेक नावालाच असतो. पॅड (डिस्कला घासून चाक थांबवणाऱ्या पट्ट्या) बदलायचे तर सी-क्लॅम्पने, म्हणजे स्क्रूच्या शिकंज्याने, पिस्टन दाबा आणि नवे बसवा. रबरी पाईप बाहेरून धड दिसत असेल तर हात लावू नका. मराठवाड्याची हवा कोरडी, त्यामुळे ब्रेक ऑइल बदलायची गरज नाही. आणि लोखंडी पाईप गंजलाच तर एसीवाल्याकडून तांब्याचा आणून टाका.

संभाजीनगरजवळच्या शेंद्र्यात 2001 पासून स्कोडाची ऑक्टाव्हिया जुळवली जायची, आणि 2004 मध्ये आलेली तिची 1.8 टर्बो पेट्रोलची दमदार आवृत्ती, आरएस, जिवापाड जपणारी मंडळी आपल्या भागात आजही आहेत. हे सल्ले त्यांच्या गाडीवर वापरले गेले तर जिवाशी गाठ आहे.

‘नावालाच’ या दाव्यात थोडं तथ्य आहे. ब्रेक दाबला की वजन पुढे झुकतं आणि बहुतेक काम पुढची चाकं करतात. पण म्हणून मागचा पाईप फुटला तरी पुढचे दोन्ही ब्रेक शाबूत राहतात, हे साफ चूक. या गाडीत मास्टर सिलिंडरपासून (पेडल दाबल्यावर ऑइलला दाब देणारा भाग) ब्रेकच्या दोन वाटा तिरप्या निघतात: पुढचं डावं चाक मागच्या उजव्याबरोबर, पुढचं उजवं मागच्या डाव्याबरोबर. मागचा एक पाईप गेला की पुढचा एक ब्रेकही त्याच्यासोबत जातो. उरतो निम्मा ब्रेक, तोही पेडल खोलवर गेल्यावर. शिवाय हँडब्रेक चालतो तो याच मागच्या पॅडवर.

सी-क्लॅम्पचा सल्ला पुढच्या कॅलिपरला (पॅड डिस्कवर दाबणारा भाग) ठीक आहे, मागच्याला नाही. मागच्या कॅलिपरमध्ये हँडब्रेकची यंत्रणा आतच असते आणि पिस्टन आट्यांवर पुढे सरकतो. तो घड्याळाच्या काट्याच्या दिशेने फिरवत, हलका दाब देत आत घ्यायचा. पिस्टनच्या तोंडावरच्या खाचांत बसणारं हत्यार बाजारात मिळतं. नुसता जोर लावला तर आतली ॲडजस्टमेंट बिघडते, हँडब्रेक सैल पडतो आणि चांगला कॅलिपर भंगारात जातो. पिस्टन आत जाताना टाकीतलं ऑइल वर चढतं, तिकडेही लक्ष ठेवा. सांडलं तर रंग सोलून काढतं. पॅड दोन्ही चाकांचे एकाच वेळी बदलायचे, आणि स्लाइड पिनला (कॅलिपर जिच्यावर सरकतो ती पिन) साधं चेसिस ग्रीस लावायचं नाही. त्याने रबर फुगतं. ब्रेकसाठीचं सिलिकॉन ग्रीसच वापरा.

सगळ्यात घातक सल्ला रबरी पाईपचा. हा पाईप आतून सडतो. वीस वर्षांत आतलं अस्तर फुगतं, कधी त्याची साल सुटून झडपेसारखी आडवी येते. पायाच्या जोराने ऑइल कॅलिपरपर्यंत पोचतं, पण पेडल सोडल्यावर परत येत नाही. मग पॅड डिस्कला घासत राहतो, एकच रिम तापते, जळका वास येतो आणि मालक नव्या पॅडला दोष देतो.

हे घरी तपासता येतं. पुढच्या चाकांना ओट (गाडी घरंगळू नये म्हणून ठोकळा) लावा, गाडी मागून जॅक करून स्टँडवर घ्या, हँडब्रेक सोडा. कुणाला तरी पेडल दाबून सोडायला सांगा आणि चाक हाताने फिरवून पाहा. जड असेल तर ब्लीड निपल (कॅलिपरवरची हवा काढायची तोटी) 11 नंबरच्या रिंग पान्याने किंचित सैल करा. ऑइलची चिळकांडी उडून चाक मोकळं झालं, तर दाब अडकला होता आणि पहिला संशय पाईपवर घ्यायचा. चाक तरीही जडच राहिलं तर दोष कॅलिपरचा किंवा हँडब्रेकच्या केबलचा. पाईप लोखंडी कॉलरपाशी वाकवून बघा. बारीक चिरा तिथेच आधी दिसतात. आणि काम करताना पाईप पकडीने चिमटू नका, बाहेरून खूण दिसत नाही पण आतलं अस्तर चिरतं.

कोरड्या हवेचं म्हणाल तर, मे महिन्याची हवा कोरडी असते हे खरं. जून ते सप्टेंबरचं काय? ब्रेक ऑइल वर्षभर ओलावा शोषत असतं, रबरी पाईपच्या भिंतीतूनसुद्धा. नव्या डॉट 4 प्रतीच्या ब्रेक ऑइलचा उत्कलनबिंदू किमान 230 अंश, पाणी 3.7 टक्क्यांवर गेलं की ही किमान मर्यादा 155 अंशांवर येते. कन्नडचा घाट उतरताना ब्रेकवर पाय ठेवून आलात तर जुनं ऑइल उकळून वाफ धरू शकतं, आणि पेडल स्पंजासारखं होतं. म्हणून दर दोन वर्षांनी ऑइल बदलायचं, तेही सीलबंद डब्यातलं. हवा काढताना टाकी रिकामी होऊ देऊ नका. एबीएसच्या (चाक लॉक होऊ न देणारी यंत्रणा) युनिटमध्ये हवा शिरली तर ती काढायला गाडीला जोडायचा स्कॅनर लागतो.

तांब्याच्या पाईपबद्दल दुमत नको. शुद्ध तांबं सततच्या हादऱ्यांनी कडक होतं आणि फ्लेअरपाशी (जोडासाठी पसरवलेलं पाईपचं तोंड) तडकतं. ब्रेकसाठीचा निकेलमिश्रित तांब्याचा पाईप वेगळा, तो चालतो. एसीचा तो नव्हे. लोखंडी पाईप गंजला असेल तर मूळ मापाचा, मूळ पद्धतीच्या फ्लेअरचा घ्या. फ्लेअरचा आकार जुळला नाही तर नट कितीही आवळला तरी पाझर थांबत नाही. जोड पुसून, पेडल मिनिटभर दाबून धरून आणि खाली कोरडा कागद लावून बघा.